सतरा ग्रॅमपासून दीड किलोपर्यंत

बोर्निओला जाणारा माणूस ओरांगउटानसाठी जातो. आम्हीही त्याच्यासाठीच गेलो होतो आणि तो दिसलाही. त्याच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. माझी मान अवघडली ती मात्र खारींपायी.

साबा हे मलेशियाचं बोर्निओ बेटावरचं राज्य. त्याच्या पूर्वेकडच्या लहाद दातू गावापासून कच्च्या रस्त्याने आत जात राहिलं की दानुम खोरं लागतं. 438 चौरस किलोमीटरचं हे राखीव रान लाकूडतोड्यांच्या हातून वाचलं आहे. इथल्याच एका पिवळ्या मेरांती झाडाची उंची 2019 मध्ये जाहीर झाली. ती भरली 100.8 मीटर! उष्ण कटिबंधात एवढं उंच झाड तोवर कुणी मोजलेलं नव्हतं. अशा झाडांखाली उभं राहिलं की वर बघावं की खाली, हेच कळत नाही. वर बघावं तर मान मोडते, खाली बघावं तर जळवा मोज्यांवरून गुडघ्याकडे निघालेल्या असतात.

वाटाड्याने एका बुंध्याकडे बोट केलं. मला साल दिसली, शेवाळ दिसलं, एक मुंगळ्यांची रांग दिसली. मग सालीचाच एक तुकडा सरकला. सरकला, थबकला, उलटा फिरला आणि डोकं खाली करून सालीवरचं काहीतरी कुरतडू लागला. ती खार होती. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम सात सेंटिमीटर, शेपूट त्याहून आखूड, वजन सतरा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी हातावर ठेवावीत, त्याहून किंचित जड. आकार उंदराचा, पण डौल पुरता खारीचा. पुढचे पाय उचलून कान टवकारणं, शेपटीचा झटका, आपल्याला पाहून बुंध्याच्या पलीकडे सटकणं, सगळं तेच. एक्झिलिसियुरस एक्झिलिस हे भारदस्त नाव तिच्या वजनाला झेपत नाही. जगातल्या सर्वांत लहान खारींत तिची गणना होते आणि बोर्निओबाहेर ती कुठेच नाही.

त्याच दिवशी दुपारी झाडांच्या शेंड्यांतून बांधलेल्या झुलत्या पुलावर आम्ही उभे होतो. समोरच्या झाडावरून टरफलं पडत होती. आधी वाटलं माकड असावं. फांदीवर पोटावर आडवी पडून, मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून, अर्धं अंग एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला लोंबकळत सोडून एक भलीथोरली खार फळ सोलत होती. पुढचे दोन्ही पंजे फळावर, त्यामुळे तोल सांभाळायचं काम शेपटीकडे. पाठ तपकिरी, पोट फिकट. डोक्यासह धडाची लांबी बत्तीस ते पस्तीस सेंटिमीटर, शेपूट त्याहून लांब, वजन किलो-दीड किलो. आपण मराठी माणसं तिला पाहिल्यावर शेकरू म्हणणारच, आणि त्यात काही चूक नाही. भीमाशंकरचं शेकरू आणि ही बोर्निओची महाखार एकाच रातुफा कुळातल्या. या कुळात जगभरात मिळून चारच जाती आहेत. आपलं शेकरू वजनाने बहुधा वरचढच भरेल, आणि रंगात तर त्याला तोडच नाही. एवढा अभिमान परदेशातही बाळगायला हरकत नसावी.

सकाळी सतरा ग्रॅम, दुपारी दीड किलो. एकाच रानात, एकाच घराण्यात ऐंशी-नव्वद पटींचा फरक! बोर्निओत खारींच्या तीसहून अधिक जाती आहेत. त्या सुखाने नांदतात, कारण त्यांनी झाडाचे मजले वाटून घेतले आहेत. चिमुकलीला बुंध्याची सालच पुरते. तिच्या नखांना तिथे पकड मिळते, आणि सालीवर जे सापडेल त्यावर तिचं भागतं. मात्र एवढ्याशा अंगात ऊब टिकत नाही, म्हणून तिला सारखं खात राहावं लागतं. महाखारीचं वेगळं. इथली मोठी झाडं कित्येक वर्षं फळतच नाहीत आणि मग एखाद्या वर्षी सगळी एकदम फळतात. मधल्या टंचाईत पानं, साल, कडक बिया असं काहीही पचवून तग धरायला मोठं अंग कामाला येतं.

रात्रीची पाळी उडत्या खारींची. साबातल्याच सेपिलोकला अंधार पडता पडता ढोलीतून एक तांबूस खार बाहेर आली, खोडावर चढली आणि अंगाची चादर पसरून समोरच्या झाडावर जाऊन चिकटली. ही खार एका झेपेत शंभर मीटरदेखील कापते.

जमिनीवरच्या खारींची तर तऱ्हाच निराळी. त्यातली एक चार पट्ट्यांची आहे. आपल्या खारीच्या पाठीवर रामाची तीन बोटं फिरली, हिच्या पाठीवर चार कुणाची फिरली कोण जाणे! दुसरी कानांवर केसांच्या शेंड्या मिरवते. तिची शेपूट इतकी झुबकेदार की धडापेक्षा तीस टक्के जास्त जागा व्यापते. ही खार हरणाच्या मानेची शीर तोडून त्याचं काळीज खाते, असं बोर्निओचे मूळ रहिवासी असलेले दायाक शिकारी सांगतात. हे ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण मला ते पटत नाही. तिच्या दातांवर उभ्या खाचा आहेत, आणि ते दात दगडासारख्या कठीण बिया फोडण्याच्या कामाचे. बोर्निओतल्याच गुनुंग पालुंगच्या रानात लावलेल्या कॅमेऱ्यात ती सापडली आणि 2015 मध्ये ते चित्रण प्रसिद्ध झालं. त्यात ती शांतपणे पाचोळा हुंगत फिरताना दिसते. हरीण कुठेच नाही.

मला खरा धक्का बसला तो आयुष्याच्या हिशेबाने. पिंजऱ्यात खाऊनपिऊन सुखी असलेला उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो. रातुफा कुळातल्या खारी मात्र प्राणिसंग्रहालयात जवळजवळ वीस वर्षं जगल्याच्या नोंदी आहेत. रानात गरुड आहे, क्लाउडेड लेपर्ड आहे, उपासमार आहे. तिथे एवढं आयुष्य कुणाला लाभतं! तरीही झाडावर राहणाऱ्या प्राण्याला जमिनीवरच्यापेक्षा मरणाच्या वाटा कमी असतात, म्हणून त्याचं शरीरही दीर्घ पल्ल्यासाठी घडत जातं.

पण या दीर्घायुष्याची किंमत आहे. महाखार एका वेळी एक किंवा दोनच पिल्लं देते. तिचा सगळा संसार शेंड्यांवर, जमिनीवर उतरणं तिला धोक्याचं. मधली झाडं तोडली की तिचा रस्ताच तुटतो, आणि घटलेली संख्या उंदरासारखी वर्षभरात भरून निघत नाही. सिंगापूर वसवणाऱ्या स्टॅम्फर्ड रॅफल्सने 1821 मध्ये या खारीला शास्त्रीय नाव दिलं ते सिंगापूरच्या खारीवरून. त्या बेटावरची तिची शेवटची नोंद 1995 ची आहे.