काकांची मोटार आणि वारा

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या बॉनेटखाली डोके घालावे, हे पाहून आमच्या विठ्ठलवाडीतल्या शेजाऱ्यांना बरीच करमणूक झाली. पण काकांना मदतनीस हवा होता आणि सुट्टीत घरी मीच होते. आजोबांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी त्यांच्या मागे काकांकडे आली. तिची ‘स्पोर्ट्‌स कार’ करायची, हे काकांचे जुने स्वप्न!

हसणारे हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी घरगुती फेरफार केलेल्या फियाट गाड्याच शर्यतीत धावत. आपल्या अलिबागला चिंकारा कंपनीने इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी घेऊन दोन माणसांची उघडी गाडी तयार केली होती. मग 1949 साली निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरच्या कुशीत राहणाऱ्या माणसाने मोटारीचे नाक बदलायला का भ्यावे?

अट घातली ती आजीने. “ह्यांच्या गाडीचा पत्रा कापायचा नाही. काय चिकटवायचं ते वरून चिकटवा!” गंमत अशी, की आजीचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे याबाबतीत जवळजवळ एकमतच आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रूपात मालकाला मनाजोगता बदल करता येणार नाही. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते; तेथे नवे नाक दाखवून चालले नसते. म्हणून ठरले, की सारे काही बोल्टवर बसवायचे आणि त्या रूपात गाडी फक्त काकांच्या मित्राच्या गोदामाच्या आवारात चालवायची.

गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका कारागिराने शाडूचा साचा करून दिला. मे महिन्याचा उकाडा, त्यामुळे रेझिन भांड्यातच घट्ट होऊ लागे. त्याच्या वासाने आळीतल्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या त्या आठवडाभर! पण नाक झाले मात्र देखणे. खाली झुकलेले, अरुंद तोंडाचे.

आवारात चौथी फेरी घेताना काटा तांबड्यात गेला. मूळच्या रुंद जाळीने ही गाडी आजोबांना उभ्या उन्हाळ्यात कधी अडवली नव्हती. आता तोंडच मिटले होते. काकांनी मोठा रेडिएटर बसवला. उपयोग शून्य. जास्त दाबाचे झाकण आणले. आजीला त्यांनी समजावले, की हा कुकरच आहे. पंधरा पौंडांच्या दाबाखाली पाणी 121 अंशांवर उकळते. आजी म्हणाली, “म्हणजे पाणी उकळायचं थांबलं, गाडी तापायची नाही थांबली.” इतके नेमके उत्तर मला सुचले नसते.

खरी अडचण निराळी होती. वाऱ्याला आत यायला वाट हवी हे कोणालाही कळते. पण आत आलेला वारा बाहेर गेला नाही, तर मागचा वारा आत शिरणार कसा? पुष्कळ जण यासाठी बॉनेटची मागची कड उचलून ठेवतात. आम्हीही ठेवली. मग मी आजीच्या लोकरीचे तुकडे बॉनेटवर चिकटवले. गाडीने वेग घेताच काचेजवळचे धागे त्या फटीतून आत ओढले गेले! समोरच्या काचेच्या पायथ्याशी वारा अडून दाब वाढतो. त्या फटीतून तो आतच घुसत होता.

मग मूळ बॉनेटवरून फायबरग्लासची प्रत काढली आणि खाचा पाडल्या त्या पुढे, रेडिएटरच्या लगेच मागे. नाकापासून रेडिएटरपर्यंत दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, म्हणजे आलेला वारा कडेने पळू नये. मागे विजेचा पंखा आणि त्याच्याभोवती घट्ट कडे. जुन्या डायनॅमोला हा भार झेपेना, तेव्हा अल्टरनेटर आला. यात काकांची दिवाळीची शिल्लक गेली. काटा मात्र मध्यावर थांबला तो हलेना. काकांनी त्या दिवशी आवारात सव्वीस फेऱ्या मारल्या, मी मोजल्या.

आता रस्त्यावर जाताना मूळ बॉनेट आणि जाळी चढते. त्याच रूपात बदलापूर, कर्जत, खोपोली करीत आम्ही बोरघाट चढलो आणि शिंग्रोबाला नाणे वाहिले. घरी आल्यावर आजीने गाडीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावरून हात फिरवला आणि पोटमाळ्यावरचे ते फायबरग्लासचे नाक झाकायला काकांना एक जुनी चादर दिली.