खुंटीवरचा सदरा

घरात शिरताच डाव्या हाताला एक खुंटी आहे. पोळा जवळ आला, कपाशी फुलावर आली की त्या खुंटीवर फवारणीचा सदरा लटकू लागायचा. संध्याकाळी काढून अडकवायचा आणि सकाळी झटकून पुन्हा अंगात घालायचा. रोज धुणार कोण आणि धुऊन तरी काय उपयोग, उद्या पुन्हा तोच वास! खुंटीखालीच लहान मुलगा खेळायचा, शेजारीच पाण्याचा माठ. यात काही वावगे आहे, असे तिला कधी वाटलेच नाही.

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या पट्ट्यात अशा खुंट्या घराघरांत सापडतील. तिच्या नवऱ्याला स्वतःची जमीन नाही. तो दुसऱ्यांच्या शेतात फवारतो. मजुरी पंपाच्या हिशेबाने मिळते, म्हणजे जितके पंप रिकामे होतील तितके पैसे. फवारणी हे पुरुषांचे काम, असे सगळेच म्हणतात. पण विहिरीवरून पाणी आणून ड्रम भरते ती, काठी हाताशी नसली तर कोपरापर्यंत हात बुडवून औषध ढवळते ती आणि घरी आल्यावर ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवतेही तीच.

औषध! या एका शब्दाने केवढा घोटाळा करून ठेवला आहे. डबीवर कवटीचे चित्र असले, तरी गावात त्याला कोणी विष म्हणत नाही. आजार कपाशीला, औषधही कपाशीला, मग माणसाला काय होणार? शब्दच असा धीर देतो.

2017 सालच्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. एरवी फवारा कमरेखाली पडतो, त्या वर्षी तो तोंडावर येत होता. त्यातच बॅटरीवरच्या पंपाचा तुषार फार बारीक. कृषी केंद्रातल्या दुकानदाराने सांगितले म्हणून मालकाने दोन-तीन औषधे एकत्र करून दिली होती. पाठीवरचा पंप झाकणातून गळत होता, सदरा कमरेपर्यंत ओला झालेला. मधेच नोझल तुंबले, ते त्याने सवयीने तोंडाने फुंकून मोकळे केले. दुपारी त्याच हाताने खर्रा मळला.

संध्याकाळी तो डोके धरून आला. ''डोळ्यापुढं धुकं धुकं दिसते,'' म्हणाला. तिला वाटले ऊन लागले. तिने लिंबाचे पाणी दिले. तो तसाच, त्याच सदऱ्यात आडवा झाला.

मध्यरात्री ती जागी झाली, तेव्हा त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने चिंब होते आणि दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. शेजाऱ्याच्या गाडीतून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्याला दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात डोळे पाहिले, बुबुळांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा सदरा उतरवायला लावला आणि अंग साबणाने धुवायला सांगितले. दुसरा प्रश्न आला, ''कोणतं औषध मारलं? बाटली आणली का?''

बाटली धुऱ्यावर पडलेली. तिच्या भावाने मोटारसायकल काढली आणि अंधारात शोधून ती आणली.

विष पोटात गेले तरच बाधते, हा समज किती खोटा आहे, ते तिला त्या रात्री कळले. कपाशीवर मारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे तेलकट असतात. ती कातडीतूनही आत शिरतात आणि कपाळ, जांघ अशा ठिकाणी तर तळहातापेक्षा कितीतरी लवकर. घामाने ओला झालेला सदरा म्हणजे विषाची पट्टीच. शरीरात नसांचा निरोप पोहोचला की तो थांबवणारा एक पदार्थ असतो, हे औषध नेमके त्यालाच निकामी करते. निरोप थांबतच नाही, म्हणून लाळ, घाम, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास अडकणे. यावर ॲट्रोपिन नावाचे इंजेक्शन असते, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे.

त्या वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यात होते. तिचा नवरा आठव्या दिवशी घरी आला. पलीकडच्या खाटेवरचा आला नाही.

खरे तर कायदा जुना आहे. 1958 साली केरळात कीटकनाशक मिसळले गेलेले पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली, त्यानंतर 1968 मध्ये कीटकनाशक कायदा झाला. 1971 च्या नियमांत फवारणाऱ्यांना संरक्षक कपडे, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, जवळ उतारा औषध असे सगळे लिहिले आहे. डब्यावर रंगीत त्रिकोणही असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण ज्याच्या पाठीवर पंप आहे, त्याला हे त्रिकोण कोणी समजावून सांगितले? आतली घडीची पत्रिका तर मुंगीच्या अक्षरांत. चौथी शिकलेल्या माणसाने ती शेतात उभे राहून वाचावी, ही अपेक्षा करणाऱ्याने एकदा स्वतः वाचून पाहावी.

आता तिने घरातले नियम बदलले आहेत. सदरा खुंटीवर येत नाही. तो गोठ्याबाहेरच्या दोरीवर असतो आणि रोज वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणाने, हातमोजे घालून धुतला जातो. हातमोजे काढण्याआधीच ती ते धुते. ड्रममध्ये हात नाही, लांब काठी. नोझल साफ करायला जुना दात घासायचा ब्रश. पंपाखाली पाठीला आणि पुढे मांड्यांना प्लॅस्टिकचा कागद बांधलेला. रिकाम्या बाटल्यांत पूर्वी घासलेट ठेवले जाई, आता त्या फोडून वस्तीपासून लांब पुरल्या जातात. फवारलेल्या शेतात दुसऱ्याच दिवशी निंदायला बोलावले, तर ती जात नाही. त्या दिवसाची मजुरी बुडते, हेही खरे.

नवऱ्याशी खटके उडतात ते मास्कवरून. एका शिबिरात संरक्षक पोशाख मिळाला, तो इतका उकडतो की अकराच्या उन्हात माणूस त्यातच घेरी येऊन पडेल. म्हणून तिने सुती फुलबाह्यांचा सदरा, टोपी, गॉगल आणि मास्क एवढ्यावर तडजोड केली. फवारणी सकाळी किंवा उन्हे कलल्यावर, वाऱ्याला पाठ देऊन.

''अवो, मास्क वर घ्या ना,'' ती धुऱ्यावरून ओरडते.

''अन् दम कसा घेऊ? आणखी चार पंप बाकी हायेत,'' तो म्हणतो.

चार पंप म्हणजे चार पंपांचे पैसे. मालकाला सांगून मजुरी दिवसावर करून घ्यावी, असे तिने दोनदा सुचवले. मालक हसला. या वर्षी ती पुन्हा विचारणार आहे, या वेळी गल्लीतल्या आणखी तीन बायकांना बरोबर घेऊन. तोपर्यंत ती धुऱ्यावर साबण, पाण्याची बादली आणि कोरडा सदरा घेऊन बसते. औषधाची बाटली तिच्या पिशवीत असते, लेबल न फाटलेली.