मॅडमचा प्रश्न

वेबसाइट तपासण्याचं काम मी ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या मॅडमचं माझ्यावर मोठं ऋण आहे. तक्रार आली की त्या आधी विचारायच्या, "पान कसं उघडलं होतं? लिंकवर क्लिक करून, की रिफ्रेश करून?"

२००९ साली एका ग्राहकाला साइटवर जुनेच दर दिसत होते. ऑफिसात आम्हा सगळ्यांना नवे दिसत, त्यामुळे तक्रार बंद होणार होती. मॅडमनी मला शेजारी बसवलं आणि ब्राउझर सर्व्हरकडे काय काय मागतो, ते ओळीओळीने दाखवलं. लिंकवर क्लिक केलं, तेव्हा दरांच्या फाइलसाठी मागणी गेलीच नाही. ती एक दिवस जपून ठेवायला सर्व्हरनेच सांगितलं होतं. मुदत संपली नव्हती, म्हणून ब्राउझरने जवळचीच प्रत वापरली. मग त्यांनी एफ५ दाबलं. मुदत शिल्लक असूनही ब्राउझरने आता चौकशी केली: माझ्याकडे ही प्रत आहे, बदलली आहे का? चित्रांसाठी ३०४ असं उत्तर आलं, म्हणजे आहे तीच वापर. दरांची फाइल तेवढी नव्याने आली. कंट्रोल धरून एफ५ दाबल्यावर मात्र सगळंच पुन्हा मागवलं गेलं.

"आपण दिवसभर रिफ्रेश करतो गं," त्या म्हणाल्या. "ग्राहक लिंकवरून येतो. त्याला काय दिसतं, ते आपण बघतच नाही." त्या दिवसापासून फाइल बदलली की तिचं नावही बदलायचं ठरलं.

पैसे भरण्याच्या फॉर्मबाबत त्या फार कडक होत्या. फॉर्म पाठवल्यावर आलेलं पान रिफ्रेश केलं, तर तोच फॉर्म पुन्हा जाऊ शकतो. ब्राउझर इशारा देतो, पण घाईतला माणूस तो वाचत नाही. म्हणून पैसे जमा होताच ब्राउझरला पावतीच्या वेगळ्या पत्त्यावर पाठवायचं. मग रिफ्रेश केलं तरी पावतीच पुन्हा येते.

२०१७च्या सुरुवातीला क्रोमने रिफ्रेशची पद्धत बदलल्याचं जाहीर केलं. चौकशी आता मुख्य पानापुरती, बाकी फाइली मुदतीप्रमाणे. मॅडम तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांचा फोन आला: "अगं, मी शिकवलेलं क्रोमला आता तसंच्या तसं लागू नाही. नव्या मुलांना नीट सांग."

माझ्या टीममध्ये आज "आमच्याकडे तर बरोबर दिसतंय" एवढ्यावर कुणाचीही तक्रार बंद होत नाही. ही शिस्त मॅडमची आहे.