चोर्ल्याच्या वाटेवर स्टेपनी

बेळगावहून गोव्यास उतरण्याच्या आंबोली, अनमोड आणि चोर्ला या तीन वाटांपैकी आम्हांस चोर्ल्याची वाट अधिक प्रिय आहे. जांबोटी मागे पडली की झाडी दाटू लागते. कणकुंबीस माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीस निघते. तेथून थोडे पुढे जावे, तो ओढे पाठ फिरवून म्हादईकडे, पश्चिम समुद्राकडे धावत असतात. एकाच मुलखात पडलेल्या पावसाची अशी वाटणी पाहून मन थक्क होते. परंतु हाच पाऊस आणि इथली तांबडी माती वाहनाच्या पोटाखाली काय उद्योग करून ठेवतात, हे मात्र खिडकीतून दिसत नाही.

गेल्या कार्तिकात कवळ्यास शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो होतो. आम्ही सातजण, त्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याबाई. कणकुंबी ओलांडल्यावर धारदार दगडाने पुढचे डावे चाक फाडले. चार वाजून गेले होते, फोनला रेंज नव्हती, आणि पुढे घाट होता. गाडीत स्टेपनी असल्याने प्रथम कोणी फारसे घाबरले नाही. (वेल्समधील लानेली गावी स्टेप्नी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू झाला. ते नाव आपल्याकडे इतके मुरले, की आता मराठीच वाटते!)

हल्लीच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत हे चाक सामानाच्या जागेखाली, बाहेरच्या बाजूने टांगलेले असते. वर एक फिरकी, तिला गुंडाळलेला पोलादी दोर, आणि दोराच्या टोकाला रिंगच्या मधल्या भोकात अडकणारी पट्टी. मागून लांब दांडा घालून फिरकी उलटी फिरवली, की चाक अलगद खाली यावे. आमचा दांडा फिरला, दोरही सैल पडला. चाक मात्र जागचे हलेना. चिखल आणि गंज यांनी रिंग वरच्या आधाराला जणू डकवून टाकली होती. धाकटा पुतण्या खाली शिरून लाथ मारावयास निघाला, तोच एक मालट्रक थांबला.

"गाडीखाली शिरू नको रे," ट्रकवाला ओरडला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "अण्णा, आधी दोर परत ताणून घ्या. दोन बोटं ढील ठेवा. चाक सुटलं तर दोन बोटंच पडतंय."

त्या एका वाक्यात सारे शास्त्र होते. दोर सैल सोडून चाक ठोकावे, तर सुमारे २० किलोंचे ते धूड एकाएकी अंगावर यावयाचे. त्याने बाटलीतले डिझेल रिंग जिथे चिकटली होती तिथे ओतले आणि स्वस्थ बसला. ही पंधरा मिनिटे फार जड गेली. सूर्य झाडांआड जात होता, आणि आत्याबाईंनी जप सुरू केला होता. नंतर त्याने बाहेर उभे राहूनच, लाकडी ठोकळा टायरच्या कडेला टेकवून त्यावर हातोडा घातला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मध्येच फिरकी जराशी घट्ट करावी, पुन्हा सैल करावी. सातव्या-आठव्या घावाला 'कर्र' असा आवाज झाला, तांबडा भुगा झडला आणि चाक बरोबर दोन बोटे खाली येऊन लोंबू लागले. पुढे ते दांड्याने सावकाश उतरवले.

एवढ्यानेही न सुटल्यास चाकाखाली जॅकचा आधार देऊन मगच दोर करवतीने कापावा, असे त्याने सांगितले. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा चाक खाली घ्यावे, दोराला व पट्टीला ग्रीस लावावे, हवा तपासावी, हेही त्याचेच सांगणे. पैसे त्याने घेतले नाहीत. आत्याबाईंनी "लेकरा, एवढं तरी घे," म्हणून पुढे केलेले बेसनाचे दोन लाडू मात्र घेतले, आणि एक तिथेच खाल्ला.

केरीस उतरेतो पूर्ण काळोख झाला होता. फोंड्यास पोचताच गाडीला नवा दोर बसवून घेतला, आणि कवळ्याचे दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी झाले.