डॉलर, सोनं आणि गोव्यात अडकलेला रुपया

'डॉलरचा खेळ खल्लास' हा फॉरवर्ड गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे मित्र विचारतात, "खरं का हो?" म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जगभरातल्या मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनसाठ्यात १९९९ मध्ये डॉलरचा वाटा सुमारे ७१ टक्के होता. २०२४ अखेर तो ५८ च्या आसपास आला. घसरण आहे, पण पंचवीस वर्षांत. युरो २० टक्क्यांवर अडकलाय. आणि ज्याचा एवढा गाजावाजा, तो युआन दोन-अडीच टक्के! चीनमधून पैसा हवा तेव्हा बाहेर काढता येत नाही, मग तिथे ठेवणार कोण?

खरा हादरा बसला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. युक्रेनवर हल्ला झाला आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. त्यातला मोठा भाग युरोपात होता, अमेरिकेत नव्हे. म्हणजे नुसतं चलन बदलून सुटका नाही. दुसऱ्याच्या घरात ठेवलेला पैसा शेवटी त्याच्या मर्जीवर. त्यानंतर सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं.

सोन्याचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ४७ टन सोनं मुंबईहून लंडनला गहाण पाठवलं, तेव्हा घरातलं मंगळसूत्र सावकाराकडे गेल्यासारखं वाटलं होतं मला. त्याच रिझर्व्ह बँकेनं २०२३-२४ मध्ये ब्रिटनमध्ये ठेवलेलं सुमारे १०० टन सोनं मायदेशी आणलं. बरं वाटलं.

पण सोन्यावर व्याज मिळत नाही, आणि तेलाचं बिल अजून बहुतेक डॉलरमध्येच भरावं लागतं. मग रुपयात व्यापार करू म्हटलं, तर मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गोव्यात येऊन काय म्हणाले? भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरता येत नाहीत. तेल विकून रुपये घेतले, पण त्या रुपयांत आपल्याकडून घ्यायचं काय?

दुसऱ्याचं चलन लोक साठवतात ते त्यातून पुढे काहीतरी विकत घेता येतं म्हणून. डॉलर कधी पडणार याची वाट बघत बसण्यापेक्षा, रशियानं आपल्याकडून घ्यावं असं आपण काय बनवतो, याचा हिशोब मांडा. माझ्या मते रुपयाचं भवितव्य तिथे ठरणार आहे.

तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये लिहा. फक्त तो फॉरवर्ड परत पाठवू नका!