कॉफी, सोडा आणि आईचा फोटो

आपल्या समाजातील कितीतरी घरांत आजी-आजोबांचा एकही फोटो सापडत नाही. मजुरी करणाऱ्याला स्टुडिओची हौस कुठून परवडणार? आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, मात्र कुणाकडून तरी जुना आग्फा क्लिक थ्री कॅमेरा मिळवला होता. आई 1987 साली गेली तेव्हा आम्ही दुसरीत होतो आणि धाकटी बहीण दीड वर्षाची. आईचा चेहरा तिला आठवतच नाही. दादा वारल्यावर त्यांची पेटी आवरली, तेव्हा कॅमेऱ्याशेजारी एक 'इंदू' रोल निघाला. फोटो काढलेले, पण रोल धुतलेला नाही. तो त्यांनी का धुऊन आणला नाही, हे विचारायला आता कुणी नाही.

'इंदू' बनवणारा उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 1960 सालचा. तो आता बंद आहे. मलकापूर-कराडात आम्ही ज्या स्टुडिओंत विचारले, त्यांनीही हात वर केले. मग कळले की हे काम कॉफीने होते!

थट्टा नव्हे, बंधू-भगिनींनो. 1995 साली अमेरिकेतील रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात फिल्म धुऊन दाखवली. क जीवनसत्त्वाची भर नंतर पडली. आम्ही बी.कॉम., रसायनशास्त्राशी संबंध दहावीपुरता, पण एवढे समजले : फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. ज्या कणांवर उजेड पडला, त्यांची काळी चांदी करायची. स्टुडिओवाले त्यासाठी मेटॉल आणि हायड्रोक्विनोन वापरत. कॉफीत ते काम कॅफिक आम्ल करते. तरतरी आणणारे कॅफीन इथे कामाचे नाही. मात्र सोडा घातल्याशिवाय हे आम्ल हलत नाही आणि क जीवनसत्त्व नसेल तर फार वेळ लागतो.

आईचा रोल एकच, म्हणून त्यावर पहिला हात चालवायचा नाही हे ठरले होते. आधी नवा रोल आणून अभ्यासिकेतील मुलांचे फोटो काढले. कराडच्या एका वृद्ध फोटोग्राफर काकांनी धुण्याचा डबा दिला. मुलांनी वजने सोनाराच्या काट्यावर करून आणली : अर्धा लीटर पाण्याला 27 ग्रॅम धुण्याचा सोडा, 8 ग्रॅम क जीवनसत्त्वाची पूड आणि 20 ग्रॅम झटपट कॉफी. सोडा कोरड्या पुडीचा हवा. खड्यांच्या सोड्यात पाणी धरलेले असते, तो सुमारे 2.7 पट घ्यावा लागतो. खायचा सोडा चालत नाही. कॉफी भारी नको, पण चिकोरीची भेसळ नसलेली हवी. चघळायच्या नारिंगी गोळ्यांत साखर असते, त्यापेक्षा पूड बरी. आधी सोडा विरघळवायचा, मग पूड (ती फसफसते), शेवटी कॉफी. फेस बसला की लगेच वापरायचे. वास असा सुटतो की घरच्यांनी आम्हांला मोरीत कोंडले. भांडी स्वयंपाकाची घेऊ नयेत आणि सोड्यात उघडे हात घालू नयेत.

पाणी 20 अंशांवर हवे. एप्रिलात ते कुठले! माठातल्या पाण्यात बर्फ घालून जमवले. पंधरा मिनिटे, मिनिटा-मिनिटाला डबा हलवत. नंतर साधे पाणी, मग हायपो. हायपो मात्र रसायनांच्या दुकानातूनच आणावा लागतो, मिठाने ते काम धड होत नाही. हायपो पडेपर्यंत उजेड दाखवायचा नाही. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो गटारातून कृष्णेत जाऊ नये म्हणून आम्ही बाटलीत भरून ठेवला आहे. शेवटची धुलाई वाहत्या पाण्यात करतात. मलकापुरात नळ चोवीस तास आहे, पण मीटरही आहे! म्हणून डबा भरायचा, हलवायचा, ओतायचा, असे तीन-चारदा केले.

मुलांचा रोल उत्तम आला. आठ दिवसांनी दादांचा रोल घातला, जुना म्हणून तीन मिनिटे जास्त ठेवला. बारा फोटोंपैकी सात नुसते करडे. मागच्या कागदावरचे आकडेही फिल्मवर उतरलेले. दोनांत 14 एप्रिलची मिरवणूक, दोनांत कुणाचा तरी बैल. आणि एकात कृष्णा-कोयनेच्या संगमावर आई, कडेवर बहीण, उन्हाने डोळे बारीक केलेले.

मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवून दुसऱ्या मोबाईलने फोटो घेतला आणि काळ्याचे पांढरे केले. बहीण इस्लामपूरहून रात्रीच्या एसटीने आली. आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, माझं नाक तिच्यावर गेलंय की रे." तिने दोन प्रती मागितल्या, एक सासरी लावायला. आत्याला दाखवला तर तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला. साडी आत्याची होती. फोटोसाठी आईने मागून नेली होती.