डोक्यावरचं देणं

माझ्या सासूबाईंच्या बोलीत मानेवरच्या बारीक, घट्ट कुरळ्या केसांना ‘किचन’ म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्या आरशासमोर मान वाकवून म्हणाल्या, ‘‘माझं किचन जरा बघतेस का?’’ आणि मी लगबगीनं गॅस बंद आहे ना, ते बघायला गेले. बाल्टिमोरच्या त्या घरात हा विनोद अजून शिळा झालेला नाही. पण त्यांचं माझ्यावरचं ऋण सुरू होतं तेही तिथूनच, माझ्या लेकीच्या मानेवरच्या रुपयाएवढ्या डागापासून.

मी कोल्हापूरची, नवरा बाल्टिमोरचा, आफ्रिकन-अमेरिकन. 2007 साली मुलगी झाली. तिचे केस बापाच्या वळणाचे. ओले असताना खांद्याला टेकायचे आणि वाळले की आखडून कानाशी येऊन बसायचे. माझ्या हातांना आईची पद्धत तेवढी ठाऊक होती: खोबरेल चोपडायचं, कंगवा मुळाशी रोवायचा आणि सरळ खाली ओढायचा. कंगव्याचे दात तुटायचे, लेक रडायची, शेवटी मीही रडायचे.

सात वर्षांची असताना एकदा तिनं विचारलं, ‘‘तुझे सरळ, कोल्हापूरच्या आज्जीचे सरळ, ग्रॅनीचेसुद्धा सरळ. माझेच असे का?’’ मला उत्तर सुचेना, म्हणून मी उपाय शोधला. सासूबाई त्या आठवड्यात बहिणीकडे गेल्या होत्या. मी लेकीला एका पार्लरमध्ये रिलॅक्सर लावून आणायचं ठरवलं. आदल्या रात्री तिला मांडीवर घेऊन बारीक फणीनं डोक्यातला कोंडा खरवडून काढला. सगळं मायेनंच. रिलॅक्सरच्या आधी डोकं खाजवायचंसुद्धा नसतं, हे गल्लीतल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. मी कुणाला विचारलंच नाही.

रिलॅक्सर म्हणजे जहाल अल्कली. काहींत तर सोडियम हायड्रॉक्साइड असतं, तुंबलेली मोरी मोकळी करायला आपण वापरतो तोच कॉस्टिक सोडा. केसाचा आकार धरून ठेवणारे गंधकाचे दुवे तो कायमचे तोडतो. एकदा सरळ झालेला केस पुन्हा कुरळा होत नाही, मुळातून नवा येतो तोच काय तो कुरळा. माझ्या फणीनं ओरखडलेल्या कातडीवर ते लागलं. लेक कळवळली तेव्हा पार्लरवाली म्हणाली, ‘‘जरा चुरचुरतंच. अजून दोन मिनिटं.’’ आणि मी, तिची आई, म्हणाले, ‘‘दोनच मिनिटं हं, सोन्या.’’

त्या दोन मिनिटांचं काय करायचं, ते मला आजवर कळलेलं नाही.

सासूबाई परत आल्या त्या दिवशी मी बोलणी खायच्या तयारीनं उभी होते. त्यांनी नातीच्या मानेवरची पट्टी हलकेच उचलून पाहिली आणि पुन्हा बसवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नातीला विचारलं, ‘‘कुणासारखे हवे होते गं तुला केस?’’

‘‘तुझ्यासारखे.’’

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग स्वयंपाकघरात चहा घेताना त्यांनी मला त्यांच्या केसांची सगळी कहाणी सांगितली. ईस्टरच्या आदल्या रात्री त्यांची आई लोखंडी कंगवा शेगडीवर तापवायची. भाजू नये म्हणून पोरीनं आपला कान आपणच दुमडून धरायचा, आणि घरभर जळक्या चरबीचा वास. 1970 साली, विशीत, त्यांनी डोक्याभोवती प्रभावळीसारखा गोल ॲफ्रो मिरवला. पुढं नोकरी लागली. वरच्या साहेबांनी ‘जरा नीटनेटकं’ राहायला सुचवलं. 1976 पासून दर आठ आठवड्यांनी रिलॅक्सर, कधी खाडा नाही. ‘‘गॅरेट मॉर्गन ठाऊक आहे ना?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आमच्यातलाच. 1923 साली वाहतुकीच्या सिग्नलचं पेटंट घेतलं त्यानं. केस सरळ करायचं मलम त्याच्या आधीच विकायला काढलं होतं. ‘थांबा’ म्हणायची सोय त्यानं रस्त्यावर केली, डोक्यावर करायची राहिली.’’

मी म्हटलं, ‘‘मॉम, चूक माझी आहे.’’

‘‘तुझी चूक एका दिवसाची. या घरात तिच्यासारखे केस असलेली एकही बाई तिनं पाहिलेली नाही. ते दाखवणं माझं काम होतं.’’ असं म्हणून त्यांनी फोन उचलला आणि पुढच्या शनिवारची आपली पार्लरची वेळ रद्द करून टाकली. तेव्हा त्या 64 वर्षांच्या होत्या.

एखाद्याचा दोष डोक्यावर घेणं हा वाक्प्रचार मी लहानपणापासून ऐकत आले. तो अक्षरशः खरा होताना पाहिला तो तेव्हा.

सगळे केस एकदम कापून मोकळं होता आलं असतं. पण लेक लहान केसांना तयार होईना, म्हणून दोघींनी वाट बघायचं ठरवलं. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. वर नवा कुरळा, खाली जुना सरळ, आणि मधला सांधा इतका नाजूक की हात जड पडला की तिथंच तुटणार. सतरा महिने आम्ही त्या सांध्याला जपलं. दर दोन महिन्यांनी बोटभर सरळ टोकं कापायची, बाकी तसंच ठेवायचं.

रविवारी चर्चमधून आलं की स्वयंपाकघराच्या सिंकपाशी न्हाणं व्हायचं. आधी नात, मग आजी. तिथं माझी शिकवणी झाली. कोरड्या केसाला कंगवा लावायचा नाही. केस ओले करून, कंडिशनर लावून, चार भाग करून आधी बोटांनीच गुंता सोडवायचा, आणि तोही टोकापासून वर वर जात. मी सवयीनं मुळाशी हात घातला की त्या माझं मनगट धरून खाली आणायच्या. माझ्या खोबरेलाला त्यांनी नावं ठेवली नाहीत, फक्त त्याची पाळी बदलली. ‘‘डोक्यातलं तेल सरळ केसावरून घरंगळत खाली येतं. आमच्या केसाला इतकी वळणं, ते टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी पाणी, मग तेल. तेल हे झाकण आहे. रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय मिळणार?’’ मग शिया बटर लावून दोन-दोन पदरांचे पीळ घालायचे आणि रात्री सॅटिनचा रुमाल, कारण सुती उशी केसांतला ओलावा पिऊन टाकते.

मधल्या काळात त्यांचं डोकं वर फुगलेलं आणि खाली लोंबणारं असं दिसायचं. भाचीच्या लग्नाला असं कसं जायचं, म्हणून आम्ही दोघी केसांच्या दुकानात गेलो. भिंतभर पाकिटं, त्यांतल्या कितीतरींवर ‘इंडियन’ लिहिलेलं. मला आई आठवली. माझं बाळंतपण अडलं तेव्हा तिनं व्यंकटेशाला नवस बोलला होता. मग हरिप्रिया एक्स्प्रेसनं तिरुपतीला गेली आणि कमरेपर्यंतचे केस देऊन आली. मी सासूबाईंना ती गोष्ट सांगितली. देवानं लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढलं, ते भक्त अजून फेडताहेत, हेही सांगितलं. वाहिलेल्या केसांचा पुढं लिलाव होतो आणि ते जगभरच्या बाजारात जातात, हेही सांगितलं. त्यांच्या हातात एक पाकीट होतं. ते त्यांनी जपून, झोपलेल्या बाळाला खाली ठेवावं तसं, जागेवर ठेवलं.

‘‘तुझ्या आईचे असले तर मला पेलायचे नाहीत,’’ त्या म्हणाल्या. लग्नाला डोक्याला जांभळा रुमाल बांधून गेल्या.

2015 च्या नोव्हेंबरात स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून मी दोघींची उरलेली सरळ टोकं कापली. सासूबाईंचं डोकं पिंजलेल्या कापसासारखं पांढरं, दाट, कुरळं निघालं. लेक त्यांच्यासमोर आरसा धरून उभी होती. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःकडे, आणि म्हणाली, ‘‘ग्रॅनी, तुझे माझ्यासारखे आहेत!’’

व्हिडिओ कॉलवर आई मात्र घाबरली. ‘‘अगं, पोरीच्या डोक्यात जट झाली की काय? देवीचं काही आहे का, बघा.’’ पीळ घालतात कसे, हे कॅमेऱ्यासमोर करून दाखवल्यावर तिला पटलं. नंतर तीच विचारायला लागली, ‘‘या रविवारी न्हाऊ घातलंस का गं?’’

2020 मध्ये मेरीलँडनं केसांच्या ठेवणीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला. सासूबाईंनी बातमी दोनदा वाचली. ‘‘चला,’’ म्हणाल्या, ‘‘निवृत्त झाल्यावर का होईना, मी नीटनेटकी ठरले.’’ 2022 च्या बातमीवर मात्र त्या काही विनोद करू शकल्या नाहीत. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेनं हजारो बायकांची वर्षानुवर्षं पाहणी केली होती. केस सरळ करणारी रसायनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांचा गर्भाशयाच्या कर्करोगाशी संबंध दिसला होता. सत्तरीपर्यंतची जोखीम न वापरणाऱ्यांत 1.64 टक्के, तर अशा वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. त्यांनी बोटांवर हिशेब केला, ‘‘आठ आठवड्यांनी एकदा म्हणजे वर्षाला सहा. अडतीस वर्षं.’’ मग नातीच्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाल्या, ‘‘बरं झालं, पोरीनं विचारलं.’’

म्हणजे त्यांच्या वहीत देणेकरी त्या स्वतःच आहेत. माझ्या वहीत मी. हा हिशेब आम्ही दोघींनी कधी समोरासमोर ताडून पाहिला नाही.

आता लेक कॉलेजात आहे. मानेवरच्या त्या डागावर केस काही आले नाहीत. ती आजूबाजूचे पीळ असे वळवते की तो झाकला जातो, कधी मुद्दाम उघडाही ठेवते. सासूबाईंची बोटं सांधेदुखीनं वाकली आहेत, त्यामुळे रविवारचं न्हाणं माझ्याकडे आलं आहे. त्या खाली स्टुलावर, मी वर खुर्चीत, त्यांचं डोकं माझ्या दोन गुडघ्यांमध्ये. लहानपणी आई मला असंच धरून वेणी घालायची. आधी पाणी, मग तेल, टोकापासून वर. सगळ्यात शेवटी किचन. तिथला गुंता चिवट असतो. त्या तोंडानं काही बोलत नाहीत, फक्त खांदा जरासा आखडतात.

माझा हात तिथंच थांबतो.